मैदानावरचा उजेड : मेटल हॅलाइड दिव्याची ओळख

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक समारंभात तालीम, शिस्त आणि परीक्षा यांवर बोलण्याचा आपला रिवाज आहे. मी आज दिव्यावर बोलणार आहे. त्याला कारण आहे. शाळेच्या मैदानावर उजेडाची सोय करावी, म्हणजे संध्याकाळनंतरही मुलांना कबड्डी, व्हॉलीबॉल खेळता येईल, मुलींना अभ्यासिकेतून निर्धास्तपणे घरी जाता येईल, असा विचार संस्थेपुढे आला आहे. एका हितचिंतकाने आपल्या कारखान्यातून उतरवलेले ४०० वॅटचे आठ मेटल हॅलाइड दिवे फुकट देण्याची तयारी दाखविली आहे. “फुकट मिळते तर घ्यावे” असे काहींचे म्हणणे, तर “जुने सामान कशाला?” असे इतरांचे. माझे म्हणणे एवढेच की, हा प्रश्न हात वर करून सोडवण्याचा नाही. वस्तू काय आहे, ती कशी चालते, तिचे गुण कोणते आणि दोष कोणते, हे आधी समजून घ्यावे व मग निर्णय करावा. मी भाषा आणि इतिहास शिकविणारा बी. ए., बी. एड. शिक्षक आहे. त्यामुळे सूत्रे व समीकरणे मांडणार नाही. घरातील अम्मीलाही समजेल अशा शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करतो.

उजेडाशी आपल्या मातीचे नाते

नाकाडोंगरी परिसराला उजेडाचा विषय परका नाही. आपल्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे मॉईलची मँगनीजची उघडी खाण आहे. तेथून निघणारे मँगनीज डायऑक्साईड हे खनिज बॅटरीच्या कोरड्या सेलसाठी वापरले जाते. टॉर्चचा जुना सेल फोडून पाहिला तर जस्ताचे डबडे, मधोमध कार्बनची कांडी आणि तिच्याभोवती काळी भुकटी दिसते. ती काळी भुकटी म्हणजे मुख्यतः हेच खनिज. खेड्यापाड्यांतील शाळांतून याच भुकटीने फळे काळे करण्याची पद्धत होती, हे इथल्या बुजुर्गांना आठवत असेल. म्हणजे रात्री शेतावर पाण्याला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातातील टॉर्चमध्ये आपल्या डोंगराची माती उजेडाच्या कामी आली आहे.

आणखी एक नाते सांगतो. उजेडाचे शास्त्र हे आपल्याकडे अगदी अलीकडे बाहेरून आले, असा समज मुलांच्या मनात असतो. बसऱ्यात इ. स. ९६५ च्या सुमारास जन्मलेले इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाशावरील ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात व म्हणून वस्तू दिसते, ही जुनी समजूत त्यांनी खोडून काढली. वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसते, हे त्यांनी प्रयोगांच्या आधारे मांडले. त्या ग्रंथाला एक हजार वर्षे झाल्याचे निमित्त धरून संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०१५ या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात त्यांचे स्मरण करण्यात आले. पुढे कमालुद्दीन अल-फारिसी यांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यावर प्रयोग करून इंद्रधनुष्याचे कोडे उलगडले. पांढऱ्या दिसणाऱ्या उजेडात अनेक रंग दडलेले असतात, ही गोष्ट ध्यानात ठेवा. मेटल हॅलाइड दिव्याचे सारे मर्म तिच्यात आहे.

हॅलोजन वेगळा, हॅलाइड वेगळा

प्रथम नावाचा घोळ दूर करू. लग्नाच्या मांडवात, उरुसात, मिलादच्या जलशात किंवा आपल्या झाडीपट्टीतील रात्रभर चालणाऱ्या नाटकांत मोठा झोत टाकणारा कोणताही दिवा दिसला की आपण त्याला सरसकट ‘हॅलोजन’ म्हणतो. हे बरोबर नाही.

साधा बल्ब घ्या. त्यात टंगस्टनची बारीक तार असते. वीज गेली की ती सुमारे २,५०० अंशांपर्यंत तापते आणि तापून प्रकाशते. लोहाराच्या भट्टीत लोखंड लाल होते, त्यातलाच हा प्रकार. यात दर शंभर भाग विजेतले नव्वदाहून अधिक भाग उष्णतेत जातात. १०० वॅटच्या बल्बचा उजेड साधारण १,३०० ल्युमेन भरतो. ल्युमेन हे उजेडाचे माप आहे. दूध लिटरने मोजावे तसा उजेड ल्युमेनने मोजतात. म्हणजे एका वॅटमागे तेरा ल्युमेन झाले. हॅलोजन दिवा म्हणजे याच बल्बचा धाकटा भाऊ. तारही तीच, फक्त आत थोडे हॅलोजन घातल्यामुळे तार जास्त टिकते व अधिक तापवता येते.

मेटल हॅलाइड दिव्यात तारेचा उजेड नसतोच. त्यात प्रकाशते ती धातूंची वाफ. तो आभाळातील विजेच्या जातीचा दिवा आहे. ढगातील वीज हवेतून उडी मारते तेव्हा हवा झळाळते. तशीच उडी एका छोट्या बंद नळीत सतत चालू ठेवली, तर तिला विद्युत-प्रज्योत म्हणतात.

पाऱ्याच्या दिव्यातील उणीव

या घराण्यातला जुना दिवा म्हणजे पाऱ्याचा, ज्याला आपण ‘मर्क्युरी’ म्हणतो. पीटर कूपर हेविट यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी पाऱ्याच्या वाफेचा दिवा बनवला. बल्बपेक्षा तो कितीतरी काटकसरीचा. पुढे सुधारून तो वॅटमागे पन्नास ल्युमेनच्या आसपास पोहोचला. पण त्याच्यात एक मोठी उणीव होती. प्रत्येक धातूच्या वाफेला आपले ठरलेले रंग असतात. पाऱ्याची वाफ निळा, हिरवा, थोडा पिवळा रंग देते आणि डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही देते. पण लाल रंग तिच्याजवळ जवळजवळ नाही. जो रंग उजेडातच नाही, तो वस्तूवर दिसणार कसा? म्हणून मर्क्युरीखाली लाल ओढणी काळपट दिसते आणि माणसाचा चेहरा आजाऱ्यासारखा फिकट वाटतो.

मग विचार आला की, पाऱ्याच्या जोडीला दुसऱ्या धातूंची वाफ मिसळली तर? चार्ल्स स्टाइनमेट्झ यांना या कल्पनेचे पेटंट १९१२ साली मिळाले. विद्यार्थी मित्रांनो, या माणसाविषयी दोन वाक्ये सांगतो. त्या वेळच्या प्रशियातील ब्रेस्लाउ शहरात १८६५ साली त्यांचा जन्म झाला. उंची अतिशय ठेंगणी, पाठीला कुबड, १८८९ साली परदेशी म्हणून अमेरिकेत उतरलेला हा तरुण पुढे विद्युतशास्त्रातील पहिल्या पंक्तीचा विद्वान ठरला. शरीराचे व्यंग किंवा परकेपणा ज्ञानाच्या आड येत नाही, हे लक्षात ठेवा. मात्र त्यांची कल्पना त्या काळच्या साधनांनी सिद्धीस गेली नाही. जवळजवळ अर्धे शतक ती कागदावर राहिली. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे गिल्बर्ट राइलिंग यांनी १९६१ साली व्यवहारात चालेल अशा दिव्याच्या पेटंटसाठी अर्ज केला व १९६६ साली ते मंजूर झाले. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात हा दिवा लोकांनी पाहिला.

आत घडते काय?

अडचण कोणती होती, ते समजले म्हणजे युक्तीची गंमत कळते. सोडियम, स्कँडियम, थॅलियम, इंडियम असे धातू नुसते नळीत टाकले तर दोन संकटे येतात. एक तर यातील स्कँडियमसारख्या धातूंची वाफ होण्यास इतकी उष्णता लागते की तेवढी नळीच्या भिंतीला झेपत नाही. दुसरे म्हणजे सोडियमसारखा धातू तापलेल्या क्वार्ट्झच्या भिंतीला खाऊन टाकतो. उपाय असा निघाला की, धातू नुसता न घालता तो आयोडीनशी जोडून घालायचा. धातू व आयोडीन यांच्या या संयुगाला आयोडाइड म्हणतात. आयोडीन, ब्रोमीन, क्लोरीन ही हॅलोजन घराण्यातली मूलद्रव्ये. त्यांच्या संयुगांना हॅलाइड म्हणतात. यावरूनच दिव्याचे नाव ‘मेटल हॅलाइड’ पडले. स्कँडियमसारख्या धातूंच्या आयोडाइडांची वाफ नुसत्या धातूपेक्षा कमी उष्णतेत आणि मुबलक होते.

आता खाणीतला टिपर डोळ्यांसमोर आणा. टिपर एका ठिकाणी माल भरतो, दुसऱ्या ठिकाणी ओततो आणि पुन्हा भरायला येतो. आयोडीनचे काम टिपरचे आहे. नळीच्या भिंतीजवळ त्या मानाने उष्णता कमी असते. तेथे धातू व आयोडीन एकत्र नांदतात. ही वाफ फिरत फिरत मधल्या प्रज्योतीत जाते. तेथे उष्णता सुमारे ५,००० अंश, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास जाणारी. त्या दाहात जोडी फुटते. मोकळा झालेला धातूचा अणू विजेचा मारा खाऊन उत्तेजित होतो आणि आपल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश टाकतो. मग तो भिंतीकडे येऊ लागला की वाटेत आयोडीन त्याला पुन्हा पकडते. अशा रीतीने मोकळा धातू भिंतीला शिवत नाही, भिंत सुरक्षित राहते आणि प्रकाशाचे काम अखंड चालते.

कोणता धातू कोणता रंग देतो, तेही पाहा. सोडियम पिवळा-नारिंगी देतो. थॅलियम हिरवा देतो. त्याचे नावच कोवळ्या हिरव्या अंकुराच्या ग्रीक शब्दावरून ठेवले आहे. इंडियम निळा देतो. १८६३ साली जर्मनीत हा धातू सापडला तेव्हा त्याच्या प्रकाशात निळीच्या रंगाची रेघ दिसली, म्हणून निळीच्या नावावरून त्याचे नाव पडले. आणि युरोपात निळीचे नाव हिंदुस्थानवरून पडलेले होते. म्हणजे आपल्या देशाचे नाव या दिव्यात वाफ होऊन फिरते, असे म्हणायला हरकत नाही. स्कँडियम आणि डिस्प्रोशियम हे धातू एकाच वेळी पुष्कळ रंगांच्या रेघा देतात. स्वयंपाकात मसाल्याचे प्रमाण जमले म्हणजे कोणताही एक मसाला वेगळा कळत नाही; तसे हे रंग योग्य प्रमाणात मिसळले की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो.

दिव्याची रचना अशी : आत बोटाएवढी किंवा त्याहून लहान क्वार्ट्झची नळी, तिच्या दोन टोकांना टंगस्टनचे विद्युतअग्र, नळीत थोडा आर्गॉन वायू, थोडा पारा आणि आयोडाइडांची चिमूट. बाहेर मोठे काचेचे आवरण. १९९० नंतरच्या काळात क्वार्ट्झऐवजी सिरॅमिकची नळी असलेले दिवेही आले. त्यांचा रंग अधिक स्थिर राहतो.

बटण दाबल्याबरोबर हा दिवा पूर्ण का लागत नाही, हेही आता कळेल. आधी इग्नायटर नावाचे उपकरण काही हजार व्होल्टचा क्षणिक धक्का देते. त्याने आर्गॉनमध्ये प्रज्योत पेटते. उजेड अगदी मंद. मग पारा वाफ होतो व उजेड निळसर होतो. शेवटी आयोडाइडांची वाफ होऊ लागते आणि हळूहळू स्वच्छ पांढरा रंग येतो. या साऱ्याला तीन ते पाच मिनिटे लागतात.

याला चोक का लागतो, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. तारेचे तसे नाही. ती तापली की विजेला अडवते. प्रज्योत उलट्या स्वभावाची असते. वीज जितकी जास्त जाईल तितकी वाट अधिक मोकळी होते. अडवणारे कोणी नसेल तर काही क्षणांत दिवा फुटेल. उधळत्या बैलाला वेसण लागते, तसा या दिव्याला चोक लागतो.

याचे फायदे

आता गुण सांगतो आणि ते मोकळ्या मनाने सांगतो, कारण या दिव्याने जगाची मोठी सेवा केली आहे.

पहिला गुण काटकसरीचा. एका वॅटमागे पंचाहत्तर ते शंभर ल्युमेन उजेड तो देतो. म्हणजे साध्या बल्बच्या सहा-सात पट आणि मर्क्युरीच्या दीडपट ते दुप्पट.

दुसरा गुण रंगाचा. रस्त्यावरचा पिवळा सोडियम दिवा याहूनही काटकसरीचा आहे, पण त्याच्याखाली निळी बस आणि हिरवी बस ओळखू येत नाही. मेटल हॅलाइडखाली लाल लाल दिसते, निळे निळे दिसते. म्हणून कापडाची मोठी दुकाने, कारखाने, प्रदर्शने यांनी तो पसंत केला.

तिसरा गुण आकाराचा. उजेड एवढ्याशा नळीतून येतो. उगम लहान असला की आरशासारख्या परावर्तकाने त्याचा झोत नेमका पाहिजे तेथे टाकता येतो. उंच खांबावरून दूरच्या मैदानावर उजेड नेण्यास हा गुण फार मोलाचा ठरला. चित्रपटाच्या शूटिंगमध्ये उन्हासारखा उजेड पाडणारे दिवे याच जातीचे. १९९१ साली मोटारींत आलेल्या पांढऱ्या ‘झेनॉन’ हेडलाइटमध्येही धातूंची हॅलाइडे असतात.

चौथा गुण आयुष्याचा. साधा बल्ब सुमारे एक हजार तास जळतो. ४०० वॅटचा मेटल हॅलाइड दहा हजार तास किंवा त्याहून अधिक टिकतो.

या गुणांमुळेच रात्रीचे क्रिकेट शक्य झाले. आपल्या देशात १९८२ च्या एशियाड स्पर्धेच्या वेळी रंगीत दूरदर्शन आले. रंगीत चित्रणाला उजेड नुसता भरपूर असून चालत नाही. रंग खरे दिसावे लागतात. २८ सप्टेंबर १९८४ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यात देशातील पहिला दिवस-रात्र आंतरराष्ट्रीय सामना झाला. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर विश्वचषकातील २७ फेब्रुवारी १९९६ चा भारत-ऑस्ट्रेलिया सामना विजेच्या झोतात खेळला गेला. त्या काळात अशा मैदानांच्या मनोऱ्यांवर मेटल हॅलाइडचेच राज्य होते.

याचे दोष व धोके

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

वीज क्षणभर गेली तरी हा दिवा विझतो आणि गरम असताना पुन्हा पेटत नाही. आत वाफेचा दाब इतका असतो की इग्नायटरचा धक्का अपुरा पडतो. थंड होऊन पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटे जातात. अमेरिकेत ३ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या स्टेडियममध्ये त्यांच्या फुटबॉलचा सर्वात मोठा सामना वीज गेल्यामुळे ३४ मिनिटे खोळंबला. वीज परत आल्यावरही या जातीचे दिवे पूर्ण उजळेपर्यंत खेळाडूंना थांबावे लागले. आपल्याकडे वीज येते-जाते हे नव्याने सांगायला नको. कबड्डीच्या अर्ध्या डावात दिवे गेले आणि अंधारात पाव तास दोन-तीनशे माणसे, लेकरे उभी, हे चित्र चांगले नाही.

दुसरा दोष म्हणजे हा दिवा म्हातारा होत जातो. आयुष्याच्या उत्तरार्धात उजेड बराच उतरतो, पण वीज तेवढीच खातो. रंगही बदलतो, एक दिवा हिरवट, दुसरा गुलाबी दिसू लागतो. वापरलेले आठ दिवे आणले तर आठ रंग दिसतील.

तिसरी गोष्ट धोक्याची आहे आणि ती पालकांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. आतली नळी अतिनील किरण बाहेर सोडते. ते अडवण्याचे काम बाहेरची काच करते. बाहेरची काच फुटली तरी आतली नळी कित्येकदा जळतच राहते. उजेड चालू आहे, म्हणून लोक दिवा ठीक समजतात. पण त्या उजेडाखाली बसलेल्यांना काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचू लागते, पाणी येते, डोळे उघडवत नाहीत, कातडी उन्हाने भाजल्यासारखी होते. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावर जे होते, तेच हे. अमेरिकेत शाळांच्या व्यायामशाळांत असे प्रकार घडले आहेत. बाहेरची काच फुटताच आपोआप विझणारा दिवा कोणता आणि न विझणारा कोणता, हे दिव्यावर खुणेने दाखवण्याचा नियम तेथे आहे. म्हणून लग्नात, उरुसात, सामन्यात भाड्याने आणलेल्या दिव्याची काच तडकलेली दिसली, तर तो तत्काळ बंद करावा. “आज रात्रीपुरता चालू दे” असे म्हणू नये.

आतली नळीही आयुष्य संपत आल्यावर क्वचित फुटते आणि तापलेले तुकडे उडतात. म्हणून अशी फिटिंग समोरून जाड काचेने बंद असली पाहिजे. जेथे हे दिवे दिवसरात्र जळतात, तेथे आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे बंद ठेवण्याची शिफारस असते. थकलेला दिवा मग पुन्हा पेटत नाही व निमूटपणे बदलता येतो.

चौथी गोष्ट पाऱ्याची. ४०० वॅटच्या दिव्यात पारा ग्रॅमच्या विसाव्या भागाच्या आसपास असतो. थोडा वाटतो, पण पारा मातीत, पाण्यात, माशात उतरतो आणि मेंदूला इजा करतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली हा रोग उघडकीस आला. त्या गावाच्या नावाने २०१३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. आपल्या देशातील २०२२ च्या ई-कचरा नियमांतही पारा असलेले दिवे येतात. म्हणून असा दिवा उकिरड्यावर किंवा बोडीत टाकू नये. फुटलाच तर खिडक्या-दारे उघडून सर्वांनी पंधरा मिनिटे बाहेर थांबावे, झाडूने झाडू नये. जाड कागदाने तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि ई-कचरा घेणाऱ्याच्या स्वाधीन करावे. मुलांनी हात लावू नये.

आता एलईडीचा काळ

दरम्यान काळ पुढे गेला आहे. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ ही योजना व एलईडी पथदिव्यांचा कार्यक्रम सुरू केला. एलईडीची फिटिंग वॅटमागे शंभर ते दीडशे ल्युमेन देते. उजेड एकाच बाजूला पडत असल्यामुळे तो परावर्तकात वाया जात नाही. बटण दाबताच लागतो, वीज येताच पुन्हा लागतो, आणि त्यात पारा नाही. मोठी मैदानेही एकेक करून त्याकडे वळली. वानखेडेवर २०२३ च्या विश्वचषकाच्या तयारीत एलईडीचे नवे दिवे बसले.

विद्यार्थी मित्रांनो, आता वही-पेन्सिल घ्या. हा हिशोब तुमच्यासाठी आहे. ४०० वॅटचा दिवा आणि त्याच्या चोकमध्ये जाणारे सुमारे ४० वॅट धरून ४४० वॅट. असे आठ दिवे म्हणजे ३,५२० वॅट. रोज चार तास जळले तर १४.०८ युनिट. वर्षात शंभर रात्री खेळ झाला तर १,४०८ युनिट. हिशोबाच्या सोयीसाठी युनिटचा दर दहा रुपये धरला तर १४,०८० रुपये. तेवढाच उजेड मैदानावर पाडण्यास २०० वॅटचे आठ एलईडी पुरतील. ते १,६०० वॅट. चार तासांचे ६.४ युनिट, शंभर रात्रींचे ६४० युनिट, म्हणजे ६,४०० रुपये. फरक वर्षाला ७,६८० रुपयांचा. शिवाय जुन्याचा चोक, इग्नायटर, कंडेन्सर आणि नवे दिवे यांचा खर्च वेगळा. ‘फुकट’ आलेली वस्तू दरवर्षी संस्थेच्या तिजोरीतून एवढे घेऊन जाते. या पैशांत किती गरजू मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय होईल, तो हिशोब तुम्ही घरी करा.

एलईडीही निर्दोष नाही, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. स्वस्तातला एलईडी डोळ्यांत खुपतो. त्याचा ड्रायव्हर विजेच्या चढ-उताराने जळतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात विजा व चढ-उतार दोन्ही आहेत. म्हणून चांगल्या प्रतीची फिटिंग, व्होल्टेजच्या उसळीपासून संरक्षण करणारे उपकरण आणि पक्के अर्थिंग यांत काटकसर करू नये. खांबाचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

माझे मत

तेव्हा कार्यकारिणीपुढे माझे नम्र मत असे. हितचिंतकांचे मनापासून आभार मानावेत, त्यांची नियत नेक आहे. पण हे दिवे मैदानावर लावू नयेत. त्यांच्याकडील खांब, केबल आणि लोखंडी पट्ट्या तपासून चांगल्या निघाल्या तर त्या जरूर घ्याव्यात. खर्चाचा मोठा भाग त्यातच असतो. दिवे त्यांनी ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत. एक फिटिंग मात्र दिवा न लावता आपल्या प्रयोगशाळेसाठी मागून घ्यावी. चोक कोणता, इग्नायटर कोणता, परावर्तक कसा वळवला आहे, हे मुलांना हाताने दाखवता येईल. एलईडी आठ एकदम घेणे जमले नाही तर यंदा चार घ्यावेत, चार पुढल्या वर्षी. पहिले दोन अभ्यासिकेपासून फाटकापर्यंतच्या वाटेवर लावावेत. खेळ एक दिवस थांबला तर चालेल, पण अंधारामुळे एखाद्या मुलीचा अभ्यास थांबता कामा नये.

पालकांना एक विनंती. मुलगा दहावीनंतर पुढे काय करणार, अशी चिंता पुष्कळ घरांत असते. आयटीआयमधील इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन हा हुनर कमी प्रतीचा समजू नका. जुने दिवे उतरवून नवे बसविण्याचे काम गावोगाव चालू आहे. सौरदिवे, पंप, खाणीतील यंत्रे यांना जाणत्या हातांची गरज आहे. मुलींनीही या अभ्यासक्रमांचा विचार करावा. आणि ज्याची बुद्धी व जिद्द पुढे धावते, त्याला अभियांत्रिकीपर्यंत जाऊ द्यावे.

मुलांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. रोज वापरता त्या प्रत्येक वस्तूला विचारा : तू कशी चालतेस? टॉर्चचा सेल, चोक, पंखा, मोबाईल यांना विचारा. इब्न अल-हैसम यांनी हाच प्रश्न उजेडाला विचारला होता. कुरआन शरीफमध्ये ‘नूर’ नावाची एक सूरह आहे, हे तुम्ही जाणता. इल्मला नूर म्हणण्याची आपल्या बुजुर्गांची रीत आहे. पण नूर केवळ तोंडाने म्हटल्याने घरात येत नाही. त्यासाठी वाचावे लागते, मोजावे लागते, हिशोब करावा लागतो. तुम्ही तो कराल अशी उमेद बाळगतो.